साठ पावलांचा पट्टा

घरात शिरण्याआधी ते पँटचे पाय तीनदा झटकायचे. दोनदा भागत नाही, हे बायकोने लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकवलं होतं.

माणूस भेटला की आधी त्याच्या बुटांकडे बघायचे, मग तोंडाकडे.

कुणी बोलत असलं की काडेपेटीतल्या काडीने नखांतला हिरवा मळ काढत बसायचे. समोरच्याला वाटायचं, आपल्या बोलण्याचा यांना कंटाळा आलाय. बहुतेक वेळा ते खरंही असायचं.

गवतात सापडलेल्या किल्ल्या रस्त्याकडेच्या कठड्याला सुतळीने बांधून ठेवायचे. बटणं डाव्या खिशात. नाणी उजव्या. नाण्यांबद्दल कुणी विचारलंच तर म्हणायचे, "ती माझीच पडली होती."

गवतावर कधी बसायचे नाहीत.

मशीन सुरू करण्याआधी काठी घेऊन सगळी जागा पायी फिरायचे. दर दोन पावलांवर काठी आपटायची, कान तिरका करायचा, पुढे जायचं. दगड, तार, बाटली, बीळ, सगळं काठीला आधी कळतं आणि मशीनला उशिरा, असं त्यांचं म्हणणं होतं.

कापून झालं की वाकून हाताची चार बोटं जमिनीवर आडवी धरायची. करंगळी खाली, तर्जनी वर. गवत तर्जनीला लागलं पाहिजे. कमी नाही, जास्त नाही. त्यावरून लोक त्यांना चारबोटे म्हणत. नव्या माणसाला ते आडनावच वाटायचं. एकदा ओळखपत्रावरही तेच छापून आलं. त्यांनी बदलून घेतलं नाही. म्हणाले, "खरं छापलं तरी कोण हाक मारणार आहे?"

स्वभाव गोड होता असं कुणी म्हणणार नाही. सोबतचा कामगार मशीन चुकीचं धरून कापत असला तर ते त्याला थांबवायचे नाहीत. त्याची पँट हिरवीगार होईपर्यंत बघत उभे राहायचे. मग म्हणायचे, "आता कळलं ना? सांगून कळलं नसतं."

ते नगरपरिषदेत गवत कापायच्या नोकरीत होते. बायको परिषदेच्याच कचरा वर्गीकरण केंद्रात होती. लांब टेबलाशी उभं राहून काच, पत्रा, कागद, प्लास्टिक वेगळं करायची. चारबोटे तिला चारचौघांत बाटलीबाई म्हणायचे. ती म्हणायची, "मी निदान लोकांनी टाकलेलं कामाला लावते. तुम्ही कापता ते आठ दिवसांत परत उगवतं. जन्मभर एकच गवत कापलंत." भांडण शिळंच होतं, पण दोघं रोज गरम करून घ्यायचे.

राहायला पाण्याच्या टाकीमागच्या दोन खोल्या. त्या परिषदेच्या. नोकरी आहे तोवर खोल्या. नोकरीला अजून तीन वर्षं होती.

परिषदेच्या सभागृहासमोर रस्ता आहे. रस्त्यापलीकडे गवताचा मोठा उतार. उताराच्या तळाशी दगडी भिंत, आणि भिंतीपलीकडे नाला, दोन पुरुष खोल. या भिंतीलगत अडीच हात रुंद आणि साठ पावलं लांब असा एक पट्टा चारबोट्यांनी दोन वर्षं कापला नव्हता.

बाकी उतारावर काठी ठक म्हणायची. त्या पट्ट्यावर ती धब म्हणायची, रिकाम्या पिंपावर थाप मारल्यासारखी. खालून जुना नळ गेला होता. तो कुठेतरी फुटला असणार आणि पाणी माती घेऊन नाल्यात जात असणार. वर गवत, गवताखाली वीतभर माती, आणि मातीखाली काही नाही.

गवत कापणाऱ्यांची एक रीत असते. जिथे पाय ठेवायचा नाही तिथलं गवत ठेवायचं. पाटी लावली तर पाटी चोरीला जाते. उंच गवत कुणी चोरत नाही आणि त्यात कुणी शिरतही नाही. मुलं चेंडू सोडून देतात. दुसरा कामगार आला तरी न कापलेला पट्टा बघून समजतो की आधीच्याने काहीतरी बघितलंय. पण ही भाषा कापणाऱ्यांची. बाकी लोकांना एवढंच दिसायचं की हा माणूस शेवटचा पट्टा टाळतो.

त्यांनी सांगितलं नाही असं नाही. अभियंत्याच्या कार्यालयात गेले. कारकून म्हणाला, "तोंडी नको, लेखी द्या." लेखी दिलं. कारकून म्हणाला, "विभागप्रमुखांची सही नाही." सही आणली. मग कारकुनाने अर्ज वाचला आणि पेन उलटं करून एका शब्दावर टेकवलं.

"पोकळ कशाला लिहिलंत?"

"पोकळ आहे म्हणून."

"पोकळ लिहिलं की साहेबांना जागेवर जावं लागतं. मग खोदाई, मग अहवाल. 'सदर भागाकडे लक्ष द्यावे' असं लिहा. काम तेच होतं."

चारबोट्यांनी तिसऱ्यांदा अर्ज लिहिला. त्यांचं अक्षर मोठं आणि वाकडं होतं, आणि ते दुसऱ्यासमोर लिहायला लाजायचे. कारकून उभा राहून बघत होता. म्हणून त्यांनी तो सांगेल ते लिहिलं आणि सुटले. अर्जावर शिक्का बसला. त्यावर पुढे कुणीही काहीही केलं नाही.

बायकोचा भाऊ परिषदेत निवडून आलेला होता. घरात त्याला धाकटा म्हणत. आईवडील गेल्यावर तो बहिणीकडे आला आणि टाकीमागच्या त्या दोन खोल्यांत सहा वर्षं राहून शिकला. बाहेरच्या खोलीत त्याचं अंथरूण, आणि चारबोट्यांचं मशीन त्याच्या उशाशी. पेट्रोलच्या वासाने त्याचं डोकं दुखायचं. मग मशीन बाहेर गेलं आणि त्यावर पत्रा ठोकला गेला. धाकटा निवडून आला तेव्हा चारबोटे दिवसभर कुणाच्या बुटांकडे न बघता हिंडले.

गवत कापायचं काम ठेकेदाराला द्यायचं, अशी कुणकुण वर्षभर होती. शेवटी एका सोमवारी ते विषयपत्रिकेवर आलं. विषय दोन होते. पहिला, पुनर्वापराच्या कचऱ्यासाठी नवे डबे. दुसरा, गवत.

चारबोट्यांना हजर राहायला सांगितलं होतं. ते इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या बाकावर बसले.

डब्यांवर पाऊण तास गेला. काचेचा डबा हिरवा असावा की पांढरा, यावर सभागृह दुभंगलं. परिषदेत एक दातांचे डॉक्टर होते. ते म्हणाले, "हिरवा डबा हिरवळीत दिसत नाही. लोक आदळतील." मागून कुणी म्हणालं, "मग दात पडतील, तुमचाच फायदा." डॉक्टरही हसले. कागदाचा डबा निळा करायचं ठरत आलं होतं, तेवढ्यात कुणीतरी निळा हा विरोधकांचा रंग आहे असं लक्षात आणून दिलं. अध्यक्षबाईंनी कपाळ चोळलं आणि डबे गुरुवारवर ढकलले.

गवत नऊ मिनिटांत झालं.

धाकटा उठला. त्याने पडद्यावर फोटो लावला. उतार नीट भादरलेला, आणि तळाशी तो पट्टा. फोटो खाली बसून काढला होता, त्यामुळे गवत कमरेएवढं दिसत होतं.

"सदर कर्मचारी माझे नातलग आहेत," धाकटा म्हणाला. "सभागृहाला ते माहीत आहे. म्हणूनच हा प्रश्न मी स्वतः मांडतोय. नातं घरी. इथे मी जनतेचा. हा पट्टा दोन वर्षं कापलेला नाही. आपल्या खिडकीसमोर ही अवस्था, तर गल्लीबोळांत काय असेल?"

बाकं वाजली. पक्षपात न करणारा माणूस दिसला की सभागृहाला बरं वाटतं.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "ते आलेत का? उभे राहा. का कापत नाही तुम्ही तो पट्टा?"

चारबोटे उभे राहिले. "जमीन पोकळ आहे बाई तिथली."

"कशावरून?"

"आवाजावरून."

दोघंतिघं हसले.

"काठी आपटली की कळतं," ते म्हणाले. "बाकीकडे ठक वाजतं. तिथे धब."

आता सगळेच हसले. दातांचे डॉक्टर म्हणाले, "आमच्याकडेही दात ठोकून बघतात. पण नुसत्या आवाजावर आम्ही काढत नाही हो. एक्स-रे घेतो."

"मी अर्ज दिलाय," चारबोटे म्हणाले.

धाकट्याच्या फाइलमध्ये तो अर्ज होता. त्याने तो वर धरला. "दिलाय. मी वाचलाय. यात लिहिलंय, सदर भागाकडे लक्ष द्यावे. पोकळ हा शब्द कुठेही नाही. अक्षर तुमचंच ना?"

चारबोट्यांनी लांबून त्या कागदाकडे बघितलं. मोठं, वाकडं अक्षर शेवटच्या बाकावरूनही ओळखू येत होतं.

"माझंच."

"धन्यवाद. बसा."

ते बसले. खिशातली काडी काढली आणि परत ठेवली. नखं त्या दिवशी स्वच्छच होती.

अध्यक्षबाईंनी निर्णय दिला. गुरुवारी अकरा वाजता सभा पुन्हा भरेल. तोवर पट्टा कापलेला दिसला तर काम परिषदेकडेच ठेवायचा विचार होईल. नाही तर ठेका.

बाहेर जिन्यात धाकट्याने त्यांना गाठलं. आता त्याचा आवाज घरचा होता.

"दाजी, राग नका मानू. आत मी दाजी म्हटलं असतं तर तुमचंच नुकसान होतं. आता बघा, मी टीका केलीय, म्हणजे गुरुवारी मी तुमच्या बाजूने बोललो की वजन पडेल. तेवढा पट्टा उडवून टाका. पहिला हात मी वर करतो."

"तुला ठाऊक आहे तिथलं. गेल्या वर्षी तुला नेऊन काठी आपटून दाखवली होती."

"दाखवली होती," धाकटा म्हणाला. "खरं सांगू का दाजी, मला दोन्ही आवाज सारखेच वाटले."

मंगळवारी सकाळी चारबोटे अभियंत्याच्या कार्यालयात गेले. एकदा कुणी येऊन बघून जा, एवढंच सांगायचं होतं. कारकून म्हणाला, "साहेब रजेवर. शुक्रवारी या."

"गुरुवारी सभा आहे."

"मग गुरुवारनंतरचा शुक्रवार."

रात्री जेवताना बायको म्हणाली, "एवढासा पट्टा. त्याच्यापायी घरावर पाणी सोडणार का?"

"खाली गेलो तर?"

"इतकी वर्षं कधी पडलात? मांजरासारखे चालता. आत्ताच बरं भ्यायला झालं." मग तिने त्यांच्या ताटात भाकरी वाढली. "खोल्या गेल्या तर कुठे जायचं ते सांगा. माझं काम तर रोजंदारीवरचं. बाटल्यांत झोपू?"

रात्रभर त्यांनी तो पट्टा डोक्यात पालथा घातला, आणि पहाटे उठले तेव्हा त्यांना तो कसा कापायचा ते सापडलं होतं. माणूस उभा राहिला की सगळं वजन दोन पावलांवर येतं. आडवा झाला की पसरतं. शिडी जमिनीवर आडवी टाकायची, तिचं एक टोक वरच्या घट्ट मातीत. तिच्यावर पोटावर झोपायचं आणि विळ्याने कापायचं. मशीन नाही, त्याने माती हादरते. हाताहाताने, विळ्याने. काम संथ, पण दोन दिवसांत व्हायला हरकत नव्हती.

"केंद्रात लांब शिडी आहे ना, गठ्ठ्यांवर चढायची?" त्यांनी बायकोला विचारलं. "दोन दिवस मिळेल का?"

तिने उजाडायच्या आत मुकादमाला घरी जाऊन विचारलं आणि शिडी मिळाली.

बुधवारी सात वाजता त्यांनी सुरुवात केली. आधी काठी. मग शिडी. मग ते आडवे झाले. दव होतं, शर्टाचं पोट भिजलं. जन्मात पहिल्यांदा ते गवतावर अंग टाकत होते. एक हात कापून झालं की मागे सरकायचं, शिडी ओढायची, काठी आपटायची, परत झोपायचं. तेवढ्यातही ते चार बोटं लावून बघत होते. जिथे गवत एक बोट जास्त राहिलं तिथे परत विळा फिरवला. खाली धब धब वाजत होतं, पण शिडी हलली नाही.

दुपारी बारापर्यंत बावीस पावलं झाली. नाल्याच्या पलीकडून एकाने विचारलं, "काय चारबोटे, बिछाना कसाय?"

"तुझ्या घरच्यापेक्षा बरा," ते म्हणाले. "ढेकूण नाहीत."

खूश होते ते. त्या दिवशी ज्यांनी त्यांना बघितलं ते सगळे हेच सांगतात. संध्याकाळपर्यंत एकतीस पावलं झाली. एकोणतीस उरली. सकाळी सहाला लागलं तर बरीचशी होतील, आणि न झालेली खिडकीतून दिसणार नाहीत, असा त्यांचा हिशेब होता.

त्यांचा फोटो कुणी काढला ते कळलं नाही. रस्त्यावरून काढला होता. मागून. हिरवा उतार, त्यावर पोटावर पसरलेला माणूस, डोकं हातांवर. विळा दिसत नव्हता, शिडी अर्धी दिसत होती. खाली ओळ होती: आपले कर्मचारी कामावर. पाच वाजेपर्यंत तो सगळ्यांच्या मोबाइलवर गेला होता. कुणी उशी काढून जोडली, कुणी घोरण्याचा आवाज.

सहा वाजता बायको घरी आली, ती तणतणतच.

"शिडी परत न्यायला सांगितलीय."

"दोन दिवस दिली होती ना?"

"दिली होती. फोटोत शिडीवरचं केंद्राचं नाव वाचता येतंय. मुकादम म्हणाला, पुनर्वापराची वस्तू झोपायला दिली म्हणून उद्या मलाच सभेत विचारतील. सगळ्या बायांनी फोटो बघितला. मला म्हणाल्या, तुझा नवरा एकदम गाढ झोपतो गं. काय सांगू त्यांना?"

"सांग, काम करत होता."

"कोण ऐकतंय?" तिने पिशवी खाली टाकली. "माणसासारखं उभं राहून नाही का करता येत?"

मग धाकट्याचा फोन आला.

"दाजी, काय केलंत हे? सगळं घालवलंत. मला फोन येतायत. अध्यक्षबाईंनी पण बघितला."

"झोपलो नव्हतो. वजन पसरायला—"

"मला समजतंय हो. लोकांना समजत नाही. लोकांना फोटो समजतो. आता एकच करा. उद्या अकरा वाजता सगळे खिडकीत असतील. तुम्ही उभे दिसले पाहिजेत. खांद्याला मशीन. आवाज आत ऐकू आला पाहिजे. बास. मग मी बघतो."

"मशीनने माती हादरते तिथली."

"दाजी," धाकटा म्हणाला, "सहा वर्षं मी त्या घरात राहिलोय. ते घर जावं असं मला वाटेल का?"

चारबोट्यांनी फोन ठेवला. बायको शिडी घ्यायला मदत मागत होती. दोघांनी ती दोन्ही टोकांना धरून केंद्रावर पोचवली. वाटेत कुणी ओळखीचं भेटलं की ती मान खाली घालायची. परत येताना ते म्हणाले, "बाटलीबाई, उद्या डबा जरा लवकर आण." ती म्हणाली, "बघू."

गुरुवारी त्यांनी इस्त्रीचाच शर्ट घातला. गवत कापायला इस्त्रीचा शर्ट घातलेला त्यांना कुणी कधी बघितलं नव्हतं. साडेदहाला उतारावर आले. उरलेल्या एकोणतीस पावलांच्या वरच्या कडेने काठी आपटत गेले आणि परत आले. काठी वरच्या घट्ट मातीत रोवली. रस्त्यापलीकडे सभागृहाच्या खिडक्या उघडत होत्या. त्यांनी मशीन खांद्याला अडकवलं, दोरी ओढली, आणि शक्य तेवढं वर राहून, हात लांब करून, पट्ट्याच्या वरच्या कडेने कापत निघाले.

तेवढ्याने मशीन खालच्या गवतापर्यंत पोचत नव्हतं. लांबून बघणाऱ्याला तो पट्टा अजून तसाच दिसत असणार. म्हणून ते एक पाऊल खाली उतरले.

सभागृहात तेव्हा डबे चालू होते. सोमवारपेक्षा आज तयारी जास्त होती. दातांच्या डॉक्टरांनी तीन रंगांचे कागद आणले होते. बाहेरून मशीनचा आवाज यायला लागला तसे दोघंचौघं खिडकीपाशी गेले.

"दिसतायत," एकजण म्हणाला. "उभे आहेत."

हशा झाला. धाकटाही हसला. "मी सांगितलं होतं," तो म्हणाला.

सगळे जागेवर येऊन बसले. पिवळा रंग प्लास्टिकला द्यावा की पत्र्याला, यावर मतं मागवली गेली. मधेच बाहेर काहीतरी धप्पकन वाजलं. पण रस्त्यावर ट्रक जातात, फळ्या उतरवतात. मशीन तर चालूच होतं.

चालूच राहिलं. कापताना मशीनचा आवाज वरखाली होतो, गवत लागलं की दबतो, सुटलं की चढतो. हा आता एकसारखा येत होता, आणि जरा लांबून, जरा खालून. अध्यक्षबाई म्हणाल्या, "काही ऐकू येत नाहीये. खिडक्या लावून घ्या." शिपायाने खिडक्या लावल्या.

लावल्या तरी थोडा येतच होता. दातांचे डॉक्टर म्हणाले, "आवाजावरून कळतंय, काम जोरात चाललंय." यावर बरेच हसले.

वर्गीकरण केंद्र तिथून दोन गल्ल्यांवर. काचा फुटण्याच्या खडखडाटातही बायकोने तो आवाज ओळखला. तिने हातातली बरणी टेबलावर ठेवली. मुकादमाला म्हणाली, "मशीन नुसतंच चाललंय. कापत नाहीये."

"तुला इथून दिसतंय?"

"आवाज येतोय."

"तुमच्या घरात सगळ्यांनाच आवाज येतात वाटतं," मुकादम म्हणाला. "जेवणाच्या सुट्टीत जा. टेबल भरलंय."

ती सुट्टीपर्यंत थांबली. पाऊण तास. तिने त्या पाऊण तासात काच पत्र्यात टाकली आणि पत्रा कागदात, असं तिच्या शेजारची बाई सांगते. सुट्टी झाली तसा डबा घेऊन ती निघाली. रस्त्याच्या वळणावर असताना आवाज थांबला. पेट्रोल संपलं होतं. तिला वाटलं, जेवायला थांबले.

ती उताराच्या कडेला आली तेव्हा काठी दिसली. मग भिंत दिसली नाही. जिथे भिंत होती तिथे ताजी, काळी, ओली माती होती, आणि खाली नाल्यात दगड. दगडांखालून इस्त्रीच्या शर्टाची एक बाही बाहेर होती. तिने डबा गवतावर नीट उभा ठेवला आणि मग खाली उतरायला वाट शोधू लागली.

सभा सव्वा वाजता संपली. काचेचा डबा पांढरा ठरला. गवताचा विषय वेळेअभावी पुढच्या सभेवर गेला. त्यावर त्या दिवशी कुणी बोललंच नव्हतं. धाकट्याचा हात वर झालाच नाही, कारण तशी वेळच आली नाही.

अभियंता शुक्रवारी आला, कारकुनाने सांगितल्याप्रमाणे. त्याने जागा बघितली आणि अहवाल लिहिला. सदर जमीन आतून पोकळ असल्याचे निदर्शनास आले. तो शब्द तेव्हा पहिल्यांदा कागदावर टिकला. अहवालात आणखी एक वाक्य आहे. कर्मचाऱ्याने जागेची पूर्वतपासणी केल्याचे दिसून येत नाही. अहवाल लिहिला जात होता तेव्हा काठी त्याच्यापासून चार हातांवर उभी होती.

पुढच्या सभेत सगळे दोन मिनिटं उभे राहिले. धाकटा बोलला. "दाजी," तो म्हणाला, सभागृहात पहिल्यांदाच, आणि खाली बसला. बायकांनी डोळे पुसले. मग ठेका मंजूर झाला. विरोधात एकही हात नव्हता.

खोल्या महिन्यात रिकाम्या करायचं पत्र आलं. सामान हलवायला धाकटा स्वतः आला आणि त्याने जड पेट्या उचलल्या. बाहेर पत्र्याखाली मशीनची जागा रिकामी होती. मशीन परिषदेने जप्त केलं होतं, चौकशीसाठी. बायकोने पेटीवर पेटी ठेवता ठेवता भावाला विचारलं, "तुला खरंच दोन्ही आवाज सारखे वाटले होते?"

"ताई, आता तो विषय नको."

"वाटले होते का?"

त्याने पेटी उचलली आणि दार ओलांडलं. ती केंद्रात जाते अजून. तिच्या हातून आता काच कागदात जात नाही. त्या टेबलाशी तिला कुणी काही विचारत नाही.

ठेकेदाराची माणसं दर पंधरवड्याला येतात. बसायचं मोठं मशीन आहे त्यांच्याकडे. सगळा उतार तासाभरात होतो. गवत दोन बोटांवर कापतात, उन्हात ते पिवळं पडतं. कठड्याला बांधलेल्या किल्ल्या त्यांनी काढून टाकल्या. काठीपाशी आले की मात्र मशीन वळवतात. त्यांना कुणी काही सांगितलेलं नाही. न कापलेलं गवत बघितलं की कापणारा माणूस आपसूक थांबतो.

एकतीस पावलं त्यांनी झोपून कापली. अकरा उभं राहून. अठरा राहिली आहेत.